कॅमेऱ्याशेजारची टिकली

पुंगोल, सिंगापूर

ती. आईस,

हेमांगीचा वाकून नमस्कार. लॅपटॉपपुढे वाकले की तुला नुसता भांग दिसतो, म्हणून कागदावर.

मागे दादा म्हणाला, तू मला परत बोलावणार होतीस. का, तर "पोरगी बोलताना नजर चुकवते, काहीतरी लपवतेय." अगं, लॅपटॉपचा कॅमेरा असतो वरच्या काठावर आणि तू दिसतेस खाली! तुझ्याकडे बघितलं की तुला वाटतं, मी जमिनीकडे बघतेय. चेहरा पिवळा दिसतो तीही कावीळ नाही, कॅमेराच भिकार आहे. नवीन नोकरी बरी चाललीय. खोली पुन्हा बदलली, पण खिडकीखालून छोटी ट्रेन जाते, काल तिच्यातून उगाचच गोल फिरून आले. हां, तर कॅमेरा.

घरमालकीण सुचित्राकाकू म्हणाल्या, "कॅमेऱ्याशेजारी टिकली लाव आणि तिच्याकडे बघून बोल." मी वेंधळी, कॅमेऱ्यावरच लावली! तू ओरडलीस ना, "लाइट गेली का गं तिकडे?" ते तेच.

मग टिकली सरकवली. रविवारी तू इतकी खूश, की बाबांना म्हणालीस, "डोळ्यात डोळे घालून बोलते आता. राहू दे तिला तिकडे."

पण आई, त्या दिवशी मी फक्त टिकली बघितली. तू नवी साडी नेसली होतीस, हे मला दादाकडून कळलं.

गुडघा कसा आहे? पत्र मिळालं की येणाऱ्या रविवारी चालून दाखव. टिकली मी काढून कपाळाला लावलीय. माझी नजर खाली दिसली की समज, तुलाच बघतेय.

तुझीच,
हेमांगी