नीउ-व्हेनेपच्या परसातली शतावरी

मी, मंजूषा दीनानाथ खांबेटे, वय वर्षे सदुसष्ट, पूर्वी ग्रंथालयात नोकरी, आता फक्त आजारी, राहणार नीउ-व्हेनेप, नेदरलँड्स, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मराठीत आणि स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. यकृत नाही, पण मृत्युपत्राला यकृत लागत नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. ज्यांनी आणून पाहिला त्यांची नावं ओघात येतीलच.

घर आणि बँकेतली शिल्लक यांची व्यवस्था इथल्या नोटारिसबाईंनी डचमध्ये करून ठेवली आहे. ते सगळं माझा एकुलता मुलगा चि. सौमित्र याला जातं. नोटारिसबाईंना मी म्हटलं, परसातल्या वाफ्याबद्दल एक अट घालायची आहे. त्या हसल्या. "मेव्राउ खांबेटे, झाडं जमिनीबरोबर जातात. नवा मालक त्यांचं काय करतो, ते तुम्ही कुठून बघणार?" इतकी वर्षं कायदा शिकून बाईंना एवढंच कळलं. दागिने, भांडी, कपडे मात्र हाताने लिहून आणि सही-तारीख घालून वाटता येतात, असं त्या म्हणाल्या. तेव्हा हा कागद वस्तूंपुरता कायद्याचा आहे आणि वाफ्यापुरता लाजेचा. ज्याला कायद्याने बांधता येत नाही त्याला लाजेने बांधावं, एवढं पुणं माझ्यात शिल्लक आहे.

सौमित्र, तू मराठी अक्षर अक्षर लावून वाचतोस, तेच बरं आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर वरून खाली नजर फिरवून "ओके, नोटेड" म्हणाला असतास.

कलम १. पाटल्या, मोहनमाळ आणि मोत्याची नथ माझी सून सौ. आर्या हिला. तिच्याबद्दल माझी तक्रार एकच, की तिला नाही म्हणता येत नाही. त्याचा पुरावा कलम ५ मध्ये आहे.

कलम २. मोठं पितळी पातेलं मराठी मंडळाला. ते तीन गणपतींपासून मंडळाकडेच आहे आणि दर वेळी "काकू, पुढच्या आठवड्यात आणून देतो" असं मला सांगण्यात येतं. आता आणून देऊ नये. मंडळाच्या जेवणावळीत मी एकदा माझ्या वाफ्यातली भाजी केली होती, ओलं खोबरं आणि हिरवी मिरची घालून. अध्यक्षीणबाईंनी तिला "गवताची भाजी" म्हटलं आणि तीन वेळा वाढून घेतली. त्यांना काहीही देऊ नये.

कलम ३. वाफा. हा मागच्या कुंपणालगत, विटांच्या कडेत आहे. तो कसा झाला ते लिहून ठेवते, कारण पुढे त्याबद्दल खोटं बोललं जाईल.

माझे यजमान दीनानाथ कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी सत्त्याण्णव साली आम्हाला इथे घेऊन आले. दर मे महिन्यात त्यांच्या ऑफिसात ॲस्परॅगसचं जेवण असे. त्या पांढऱ्या कांड्यांचं या लोकांना इतकं कौतुक की त्यांना "पांढरं सोनं" म्हणतात. वर लोणी, उकडलेलं अंडं आणि हॅम. दीनानाथांनी शाकाहारी असल्याचं सांगितलं की वाढणारा हॅम उचलून घेई आणि तेच ताट पुन्हा पुढे ठेवी. झाला शाकाहार! हे बिचारे "भूक नाही" म्हणून घरी येत आणि पिठलं-भात खात. त्यांना ती भाजी धड चाखायला कधी मिळालीच नाही. ते गेले, त्याच्या पुढच्या वसंतात मी वाफा घातला. उशीर झाला हे मला कळतं, कोणी सांगायला नको.

शेजारचे कॉर हूकस्ट्रा तेव्हा कुंपणावरून म्हणाले, "इथे येणार नाही. इथे चिकणमाती, ॲस्परॅगसला वाळू लागते. ब्राबांटला जा." कॉर याच पोल्डरमध्ये, म्हणजे पाणी उपसून काढलेल्या या जमिनीवर जन्मले, त्यामुळे मातीबद्दल त्यांचा शब्द शेवटचा. मी वाळू मागवली, शेणखत मिसळलं, विटा रचून वाफा गुडघाभर उंच केला, म्हणजे हिवाळ्यात मुळांशी पाणी तुंबायला नको. पहिल्या वर्षी दोऱ्यासारखे कोंब आले. दुसऱ्या वर्षी पेन्सिलीएवढे. मी कापले नाहीत. ते उंच वाढू दिले, त्यांचा बडीशेपेसारखा पिसारा झाला, आणि तोच पिसारा ऊन खाऊन खालच्या मुळाला पोसतो. ज्याला हे कळत नाही तो पहिल्या वर्षीच कापून खातो आणि तिसऱ्या वर्षी "आमच्याकडे येत नाही हो" म्हणून सांगत फिरतो. माझे तिसऱ्या वर्षी अंगठ्याएवढे आले. कॉरना एक जुडी नेऊन दिली. त्यांनी खाल्ली आणि म्हणाले, "चांगले आहेत. पण हिरवे आहेत."

कलम ४. हिरवे आहेत, आणि हिरवेच राहतील. पांढरा आणि हिरवा एकाच झाडाचा. पांढरा हवा असेल तर त्यावर मातीचा ढीग चढवायचा, कोंबाला ऊन म्हणून दिसू द्यायचं नाही. दिसलं की तो रंग धरतो. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला दीनानाथांच्या मावशी आठवल्या. मला बघायला आल्या तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळून त्यांनी माझ्या आईला सांगितलं होतं, "मुलगी चांगली आहे हो, फक्त उन्हात फार खेळलेली दिसते." आणि इथले हे लोक कोंबाला पुरून गोरा करतात आणि स्वतः स्पेनला जाऊन भाजून येतात. माझ्या वाफ्यातला एकही कोंब गोरा करण्यासाठी पुरू नये. माझी नात चि. मृण्मयी हिलाही गोरं होण्याचं कोणतंही उटणं लावू नये. पुण्याहून आलेला त्याचा डबा मी कचऱ्यात टाकला आहे, शोधत बसू नये.

कलम ५. तो डबा आणणाऱ्या माझ्या नणंदबाई, सौ. लतिका. दीनानाथांच्या धाकट्या बहीण, राहणार पुणे, जगातल्या सर्व दुखण्यांवर औषध माहीत असलेल्या. फोनवर मी ॲस्परॅगस म्हटलं की दर वेळी "अस्पा काय?" म्हणून विचारत, तेव्हा मी "शतावरी" म्हणू लागले. दोघांचं कुळ एकच आहे. पण कुळ एक म्हणून गुण एक होत नाहीत, हे आमच्याच घराकडे बघून कळायला हरकत नव्हती.

गेल्या सप्टेंबरात आर्या बाळंत झाली. सौमित्र आणि ती कापेल आन डेन आयसेलला राहतात, पण महिनाभर ती बाळाला घेऊन माझ्याकडे होती. ऑक्टोबरात लतिकावन्सं मदतीला आल्या. त्याच आठवड्यात मला तपासण्यांसाठी इस्पितळात ठेवलं. घरी परतले तो वाफा अर्धा उकरलेला, आणि स्वयंपाकघरात माझ्या कुकरमध्ये दुधात काहीतरी शिजतंय.

"बरं झालं आलात, वहिनी," वन्सं म्हणाल्या. "केवढी मुळं हो ही! आपल्याकडे काष्ठौषधीवाला एवढीएवढीशी देतो. आर्याला शतावरी कल्प करतेय. दूध वाढेल."

"वन्सं, याची मुळं खायची नसतात. कोंब खायचे असतात."

"असं कसं? मुळीच तर औषध असते. वरचं गवत काय खायचं?"

बारा वर्षं मातीत वाढलेलं ते सगळं चाळणीत सोलून ठेवलं होतं. मी खुर्चीवर बसले आणि रडले. वन्संना वाटलं, रिपोर्ट वाईट आला म्हणून रडतेय. रिपोर्ट वाईटच होता, पण मी त्यासाठी रडत नव्हते. त्यांनी मलाही एक वाटी कल्प दिला.

आर्याने तो आठ दिवस घेतला. दूध वाढल्याचं कोणी सांगितलं नाही. मृण्मयी मात्र आठही दिवस पोट धरून रडली.

कलम ६. वन्संनी ज्याने वाफा उकरला ते दीनानाथांचं फावडं वन्संनाच द्यावं. विमानात घेऊ देत नसतील तर पार्सलने पाठवावं, टपालखर्च त्यांनी सोसावा.

कलम ७. येत्या वर्षांची व्यवस्था. हे कलम सर्वांत महत्त्वाचं आहे, सावकाश वाचावं.

या एप्रिलमध्ये मी उकरलेल्या अर्ध्या भागात नवी रोपं लावली. रोप म्हणजे मुळांचा गड्डा, तो खाचेत पाय पसरून बसवायचा आणि वरून अलगद माती ओढायची. मला वाकवत नव्हतं. माझ्या माडीवरच्या खोलीत भार्गवी नेने राहते, ती लायडनला संशोधन करते. तिने खाच खणली आणि मी स्टुलावर बसून तिच्या चुका काढल्या. तिने त्या निमूट ऐकल्या, म्हणून माझी सगळी मराठी पुस्तकं तिला. नव्या भागाला निळी दोरी बांधली आहे.

दोरीच्या आत २०२६ आणि २०२७ साली सुरी लावायची नाही. कितीही कोवळा कोंब दिसला तरी नाही. तण हाताने उपटायचं, कुदळ घालायची नाही. २०२८ च्या मे महिन्यात पहिल्यांदा कापायचं. जुना अर्धा भाग दरवर्षी कापायला मोकळा आहे, तोही चोवीस जूनपर्यंतच. कॉर म्हणतात, "चेरी लाल, ॲस्परॅगस खलास." त्यांनी आजवर सांगितलेल्यातली ही एकच गोष्ट मला पटली आहे. त्यानंतर जे उगवेल ते झाडाचं, आपलं नाही. पिसारा पिवळा पडल्याशिवाय छाटायचा नाही.

डॉक्टरांनी मला विचारलं, पुढचे काही बेत आहेत का. मी म्हटलं, २०२८ चा मे. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आपण या ख्रिसमसचं बोलू." डच माणूस तोंडावर खरं बोलतो म्हणे. हा तेवढ्यापुरता पुणेकर झाला, आडून बोलला. मला तो मे बघायचा होता. फार काही राहिलं नाही माझं, पण हे राहिलं, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

कलम ८. सौमित्र, तुझ्या फोनमध्ये परसात घालायच्या फरश्यांचे फोटो आहेत. मला दाखवलेस तेव्हा म्हणालास, "आई, लो मेन्टेनन्स पाहिजे ग. आम्ही दोघं जॉब करतो. वीकेंडला बार्बेक्यू लावता येईल. आणि ऑनेस्टली, अर्धं तर गेलंच आहे ना." अर्धं गेलं म्हणून उरलेलं टाकायचं, हा हिशोब तू कुठे शिकलास? तुझे बाबा गेले तेव्हा मी तो लावला असता तर तू आणि मी कुठे असतो? इथली नगरपालिका लोकांना फरश्या उचला, झाडं लावा म्हणून विनवते आहे, आणि माझा मुलगा करड्या रंगाच्या छटा निवडतो आहे.

तू वाईट नाहीस. तुला थांबता येत नाही, एवढंच. लहानपणी चकली तळणीतून काढायच्या आधी मागायचास आणि मग तोंड भाजलं म्हणून माझ्यावरच ओरडायचास. मी तुझ्याकडे जन्मभर वाफा सांभाळ म्हणत नाही, तेवढा विश्वास माझा नाही. २०२८ चा मे होऊ दे. मृण्मयीला तोवर सगळे दात आलेले असतील. तिला एक कोंब कच्चाच दे, मातीजवळ बसून खाऊ दे. मग घर विक, फरशी घाल, बार्बेक्यू लाव, माझी हरकत नाही. आधी तिचं तोंड बघ आणि मग घालून दाखव.

कलम ९. वाफ्यावर देखरेख कॉर हूकस्ट्रा यांनी करावी. नाहीतरी ते दिवसभर आमच्या परसात बघत असतात, ते आता कामी येईल. त्यांना हे समजावलं तेव्हा म्हणाले, "२०२८? आणि तुम्ही, मान्जू?" मी आकाशाकडे बोट केलं. त्यांनी नाक शिंकरलं आणि म्हणाले, "मग मी माती चढवून दोन-चार पांढरे केले तर?" कलम ४ त्यांना डचमध्ये दोनदा वाचून दाखवण्यात आलं आहे.

कलम १०. माझं दहावं. सौमित्र, त्यासाठी नाशिकला जाऊ नकोस, रजा वाचव. होफ्डफार्ट कालव्याच्या काठी भाताचा पिंड ठेव. त्याला कावळाच शिवला पाहिजे. इथले सीगल लोकांच्या हातातले तळलेले बटाटेसुद्धा न विचारता पळवतात, त्यांचं शिवणं धरू नये. कावळा आला नाही की आपल्याकडे जमलेले लोक हात जोडून काहीबाही कबूल करत सुटतात, धाकट्याचं लग्न करू, भावाशी बोलू, मेलेल्याची काय इच्छा राहिली ते चाचपडत. तुला चाचपडायला नको. कावळा आला नाही, तर पुढे होऊन म्हणायचं, "आई, नव्या शतावरीला अठ्ठावीस सालापर्यंत हात लावणार नाही." मराठीत म्हणायचं. मोठ्याने, आर्यासमोर आणि कॉरसमोर.

आणि कावळा लगेच आला, तरीही म्हणायचं.

हा मजकूर मी एकदा रागात आणि एकदा चहा घेऊन वाचला. दोन्ही वेळा पटला, म्हणून सही करते.

मंजूषा दीनानाथ खांबेटे
(सही)

साक्षीदार:
१. भार्गवी नेने, संशोधक विद्यार्थिनी, राहणार वरील पत्त्यावर, माडीवर (सही)
२. कॉर हूकस्ट्रा, शेजारी (सही)

ठिकाण: नीउ-व्हेनेप
दिनांक: २ जुलै २०२५