चित्रावरचं फडकं

मार्गशीर्ष शु. ३, शके १८५९. भोकरदन

आष्टीहून निरोप आला. सासूबाई येताहेत. लेकीची आठवण म्हणून घरातली एखादी वस्तू हवी आहे. हिचा फोटो आम्ही कधी काढलाच नाही. लुगडी देईन. चुलीजवळचं ते चित्र मागायला नको त्यांनी.

शु. ४

तसं चित्र मोलाचं नाही. छापील आहे. जालन्याच्या मिशनमधल्या मडमबाई मायदेशी गेल्या तेव्हा त्यांनी दिलं – मी त्यांना मराठी शिकवत असे. स्पेन देशातल्या कोणा जुन्या चिताऱ्याचं, म्हणाल्या. एक टेबल. त्यावर तांब्याचं पातेलं, मातीचा चंबू, दोन कांदे, लसूण, पाव, आणि वाडग्यात काहीतरी पांढरं. माणूस एकही नाही.

मी म्हटलं, दही असेल. ही म्हणाली, "दूधच हाय ते."

चुलीजवळ खिळ्याला टांगलं. पहिल्याच संध्याकाळी हिनं त्यावर फडकं टाकलं. "उघडं ठिवू न्हाई." मी हसलो. ही हसली नाही. मग रोजचंच झालं – भाकरीची टोपली झाकायची, ताक झाकायचं, चित्र झाकायचं. सकाळी काढायचं.

शाळेतले रामकिसन एकदा जेवायला आले होते. "मास्तर, तुमच्या घरी चित्रालाबी पर्दा?" ही आतून म्हणाली, "आधी ताटावरच्या माश्या हाकला, भावजी."

कारण विचारलं होतं मी. सांगितलं नाही.

शु. ५

ही गेल्यापासून फडकं मीच टाकतो.

शु. ८

सासूबाई आल्या. लुगडी पुढं ठेवली. त्यांनी नुसता हात फिरवला. "मी काय करू यांचं, जावाईबापू? तिच्या अंगावर व्हती तवा शोभत व्हती."

दिवेलागणीला मी फडकं घेऊन उठलो.

"हे काय करून राह्यले?"

सांगितलं.

"रोज झाकायची?"

"रोज."

चित्राजवळ गेल्या. वाडग्याकडं बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. जेवल्या नाहीत. मला वाटलं, आता मागतील. द्यावं लागेल.

शु. ९

सकाळी चुलीशी बसून बोलल्या. माझ्याकडं बघितलं नाही.

"माझी साखरा लहान व्हती. मल्हारी तिचा धाकटा भाऊ, नुकतंच अंगावरचं दूध सुटलेलं त्याचं. दुधात पाल पडली. पोरगं तेच दूध प्यालं. गेलं. समदे म्हणले, पोरीनं भांडं झाकलं न्हाई. तिलाबी तेच वाटलं."

मी लाकूड पुढं सारलं.

"तिनं झाकलं व्हतं, बापू. बराबर झाकलं व्हतं. साय काढायला म्या झाकण काढलं, अन् ठिवायचं राह्यलं. सासूचा धाक व्हता. सांगीन सांगीन म्हणलं. मंग तिचं लगीन झालं. राह्यलंच."

लुगडी नेली नाहीत. चित्रही मागितलं नाही. फडकं मागितलं. घडी करून पिशवीत घातलं आणि दुपारच्या मोटारीनं गेल्या.

शु. १०

दुसरं फडकं धुऊन वाळवलं होतं. दिवेलागणीला हातात घेतलं, परत दोरीवर टाकलं. चित्र उघडंच राहू दिलं.