एक डिस्क गिरीजला, एक गासला

४ मार्च २००७
आजपासून रागवायचं नाही. डॉक्टरांनी बजावलंय. सकाळीच मुलाने, हरेशने, ओटीवर नवा कॉम्प्युटर आणून ठेवला. जुना काय वाईट होता? मी एक शब्द बोललो नाही. एवढंच म्हणालो की ज्या घरात बापाला विचारत नाहीत, त्या घरातून लोकांच्या लग्नाचं शूटिंग काय होणार. सून मनाली म्हणाली, बाबा, चहा घ्या. घेतला नाही. नंतर घेतला, पण साखर कमी होती.

६ मार्च
नव्या कॉम्प्युटरात नवी विन्डोज आहे. जुन्या कॉम्प्युटरातलं कार्ड, ज्याने दोन डिस्क एकत्र जोडतात, ते तिच्या ओळखीचं नाही म्हणे. घर तेच, वीज तीच, मालक तोच, आणि ओळख नाही! गावातला माणूस मुंबईला राहायला गेला की असंच करतो.

सगळा खटाटोप आमच्या हिच्या, कृष्णाबाईच्या फिल्मसाठी. आमच्या लेकीच्या, विनयाच्या लग्नाची कॅसेट, ९४ सालची. बुरशी धरलीय, म्हणून कॉम्प्युटरवर उतरवायची आहे. तिच्यात कृष्णाबाई धवला, लग्नातलं गाणं, गाते. तिला जाऊन आठ वर्षं होतील. गळा असा पुन्हा गिरीजमध्ये झाला नाही. तिच्यात ती उखाणाही घेते. जयरामरावांसारखा, म्हणजे माझ्यासारखा, वस्तू जपून ठेवणारा माणूस साऱ्या गावात नाही, अशा अर्थाचा. शब्द आठवत नाहीत, अर्थ पक्का आहे.

विनया मे महिन्यात लेकीला घेऊन येणार. पोरीने आजीला पाहिलेलं नाही. तिला आजी ऐकवायची आहे. हे काम माझ्या देखरेखीखाली होणार.

११ मार्च
हरेशने बेसिलला बोलावलं. हा कॉम्प्युटरवाला. त्याने तासभर डोकं खाल्लं. दोन पद्धती आहेत म्हणाला. एक आरशाची: जे पहिल्या डिस्कवर तेच दुसरीवर, एक मेली तरी दुसरी आहे. दुसरी वाटणीची: प्रत्येक गोष्ट अर्धी इकडे, अर्धी तिकडे. जागा दुप्पट, काम झटपट. नवी विन्डोज वाटणी स्वतःच करते, आरसा मात्र करत नाही. आरसा हवा तर तिला चालणारं नवं कार्ड आणावं लागेल.

मी विचारलं, दोन डिस्क घेऊन जागा एकीचीच मिळणार? म्हणजे दोन बैल घ्यायचे, एकाने नांगर ओढायचा आणि दुसऱ्याने त्याच्याकडे बघत उभं राहायचं! वाटणी करा म्हटलं. बेसिल म्हणाला, अंकल, एक गेली की दोन्ही गेल्या समजा. हा मूळचाच भित्रा. याच्या बापाने विहिरीवर दोन पंप बसवले होते. एक कायम बंद.

मनालीला आरसा हवा होता. हरेश तिच्याकडे बघत होता. मी कपबशी जरा जोरात ठेवली. वाटणी ठरली.

१४ मार्च
फिल्म उतरली. आवाज स्वच्छ आलाय म्हणे. मी पाहिली नाही. विनया आली की सगळ्यांबरोबर पाहीन. शिवाय आज मला सर्दी होती, डोळ्यांतून पाणी येत होतं.

१८ मार्च
पोपट! मिरच्यांच्या वाफ्याचं वाटोळं केलं. एक मिरची खातात, दहा तोडून टाकतात. याला काय म्हणावं?

उपाय सुचला. बुरशीची ती कॅसेट फोडली आणि आतली टेप वाफ्यावरून आडवी-उभी बांधली. उन्हात चकाकते, वाऱ्यावर गुंजते. मनाली म्हणाली होती की एवढ्यात कॅसेट टाकू नका. पण बुरशीची वस्तू घरात कशाला? आणि फिल्म दोन-दोन डिस्कवर आहे.

२५ मार्च
दिवसभर वीज येते-जाते. दर वेळी कॉम्प्युटरचा दिवा विझतो आणि मी ओटीवर धावतो. वीज मंडळाला शिव्या दिल्या. हरेशने ऐकल्या, मंडळाने नाही.

विचार केला तर आपण सगळे मूर्ख आहोत. कृष्णाबाई पूर्णच्या पूर्ण एकाच घरात! आमच्या घरची रीत काय? भोपळ्याचं बी कधी एका घरात ठेवत नाहीत. अर्धं इथे गिरीजला, अर्धं गास गावात बहिणीकडे, शकूकडे, राखेच्या मडक्यात. ही पद्धत मी पाडली. वाडीत पाणी भरलं त्या वर्षी सारं आळं शकूकडच्या बियांवर उभं राहिलं. आणि डिस्क मात्र दोन्ही एकाच डब्यात, खेटून. शिकलेली माणसं!

२६ मार्च
हरेश-मनाली बोळिंजला साखरपुड्याच्या शूटिंगला गेले. ते निघाल्यावर एक डिस्क काढली. कॉम्प्युटर आधी बंद केला. मी काही अडाणी नाही. धोतराच्या फडक्यात बांधली आणि रिक्षाने गासला नेली. शकूला सांगितलं, यात वहिनी आहे, बियाण्यासारखी जप. ती जरा घाबरली. मग मडकं काढलं.

आज फार दिवसांनी शांत वाटलं. अजिबात राग आला नाही.

२७ मार्च
सकाळपासून ओटीवर गडबड. फिल्म उघडत नाही. मी मिशीतल्या मिशीत हसत बसलो होतो. मग सांगितलं, घाबरू नका, दुसरी प्रत गासला सुरक्षित आहे.

 मनाली खाली बसली. हरेश म्हणाला, "बाबा, दुसरी प्रत नाहीच. वाटणी तुम्हीच करायला लावलीत. आईचा अर्धा शब्द इथे आहे आणि अर्धा आत्याच्या मडक्यात."

बापाशी बोलायची ही पद्धत?

२८ मार्च
गासहून डिस्क आणली. फडकं ओलसर वाटलं म्हणून शकूने चुलीतली ताजी राख घातली होती. कोमट. बेसिलने डिस्क जोडली तर आतून खडे दळल्यासारखा आवाज आला. त्याने ती कानाला लावली आणि हळूच खाली ठेवली. उघडून बघणारे मुंबईत असतात म्हणाला, पण आशा धरू नका.

शकूला फोन करून फैलावर घेतलं. ती म्हणाली, "दादा, तूच सांगितलंस बियान्यासारखं ठेव. बियान्यासारखं ठेवलं. रुजलं नाय तर मी काय करू?"

फोन आपटला. हात दुखतोय.

१ एप्रिल
मनाली सकाळी वाफ्यावरची टेप सोडवत होती. मी मदतीला गेलो नाही. कंबर धरली होती. जरा वेळाने गेलो. उन्हाने टेप करपलीय, जागोजागी तुटलीय. एका तुकड्यावर पोपट बसला होता, मिरची खात. दगड मारला. लागला नाही.

बेसिलने तुकडे पाहून मान हलवली. यावर त्याने एकदाही ‘मी म्हटलं होतं’ असं म्हटलं नाही. त्याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

९ एप्रिल
ठराव: कोणाशीही बोलायचं नाही. कोणी बोलायलाही येत नाही. ठराव चांगला चाललाय.

डिस्क तरीही मुंबईला धाडली होती. तिथून निरोप आला. डिस्क गेली.

विनयाला अजून कळवलेलं नाही. हरेश म्हणतो, तुम्ही सांगा. मी म्हणतो, कॉम्प्युटर त्याचा.

६ मे
विनया आली. जेवणं झाल्यावर मी सांगितलं. नवी विन्डोज, वीज मंडळ, शकूची राख, सगळं.  पोरगी म्हणाली, म्हणजे आजी नाही?

तेव्हा मनालीने एक सीडी आणली. टायटल टाकायला शिकताना तिने फिल्मचा एक तुकडा कापून ठेवला होता. सीडी चालेल की नाही कोण जाणे, म्हणून आजवर बोलली नव्हती.

सगळे बसलो. मीही. धवल्याची शेवटची ओळ तेवढी होती. मग कृष्णाबाई पदराने घाम पुसत शकूकडे वळली. शकूने विचारलं असावं, भोपळ्याचं बी यंदा कोणाकडे. आवाज खरंच स्वच्छ आलाय.

"वन्सं, अर्धं बियानं तुमच्याकडं न्या. ह्यांच्या हाती नका देऊ. मागं मडक्यात घातलं नि मडकं कुठं ठेवलं ते इसरले. तवापासून मी अर्धं बाहेरच ठेवते."

बायका हसल्या. तीही हसली, आणि तुकडा संपला.

पोरीने पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. दर वेळी सगळे त्याच ठिकाणी हसले. शेवटी विनयाही. मी मनालीला बाजूला घेऊन विचारलं, उखाणा कापताना राहिला का? तिने सबंध कॅसेट पाहिली होती. म्हणाली, बाबा, उखाणा विनयाताईंच्या सासूबाईंचा होता.

७ मे
हरेशने विचारलं, नवं कार्ड आणून आरसा लावू का? म्हटलं, मनालीला विचार. सीडीची एक प्रत गासला पाठवायला सांगितली. राखेत नको.

पावसाआधी भोपळ्याचं बी काढून ठेवायचं होतं. मडकं सापडत नाही. शकूकडे निरोप धाडलाय.