मानद अध्यक्षाचं भाषण

चि. वरदा,

हे पत्र पाठवणार नाही, नाहीतर त्यालाही तुझ्या कमिटीची मंजुरी लागायची!

लीड्सच्या आपल्या मंडळात गणपतीच्या मूर्तीपासून महाप्रसादाच्या मिठापर्यंत सगळं मी ठरवायचो. तू नवी घटना लिहिलीस आणि सख्ख्या बापाला मानद अध्यक्ष केलंस. म्हणजे हार घालून घ्यायचा आणि कमिटीनं लिहिलेलं वाचायचं. काल स्टेजवर वाचलं, "माझं मंडळ यंदा फ्रोझन मोदक आणणार आहे." माझं मंडळ? फ्रोझन मोदक? आणि लोक टाळ्या वाजवतात!

लहानपणी टीव्हीवर राणीचं पार्लमेंटमधलं भाषण बघताना तू विचारलं होतंस, "बाबा, दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचताना तिला राग नाही येत?" मी ऐटीत सांगितलं होतं, "राणीला राग येत नसतो."

येतो गं, येतो.

तुझा मानद बाबा,
श्रीनिवास