फरक आढळला नाही

दि. ९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. तू आणि वहिनी मजेत असाल. इकडे लेकीचे दुधाचे दात पडताहेत, यांची बदली टळली.

तुझा अहवाल मिळाला. बांधणी सुरेख आहे. ‘घरभेटींमुळे वृद्धांच्या एकटेपणात फरक आढळला नाही’, संस्थेनं तेवढंच वाक्य वाचलं आणि आमचा उपक्रम बंद केला. सेविकांना मीच सांगितलं. एकीनं विचारलं, "ताई, आमचं चुकलं काय?"

दादा, उपक्रम नुकता कुठे रांगायला लागला होता. मी तुला हात जोडून म्हटलं होतं, "आधी भेटी कशा होतात ते येऊन बघ. कुठे अडतंय ते सांग. परिणाम नंतर मोज." तू हसलास. "अगं, नुसतं बघून आलो म्हणून कोण ऐकणार? आकडे लागतात."

मग तुझी लांबलचक प्रश्नावली आली. ज्या वेळात सेविका म्हाताऱ्यांपाशी निवांत बसायच्या, त्या वेळात त्या तुझे प्रश्न विचारू लागल्या. लोक दार उघडेनासे झाले. तुला ते कळलंच नाही. तसा प्रश्नच तू घातला नव्हतास.

मावशीकडेही एक सेविका जायची. आईमागे जिनं आपल्याला वाढवलं, त्या मावशीला सेविकेनं विचारलं, "एकटं वाटतं का?" मावशी म्हणाली, "छे! कधीच नाही." प्रश्नावलीच्या पहिल्या फेरीत तेच आणि शेवटच्या फेरीतही तेच. मी चिडले, तर म्हणते कशी, "अगं, तो वाचणार ना ते! उगाच जिवाला लावून घेईल."

भेटी थांबल्यावरही दुपारी ती दाराची कडी काढून बसायची. मी गेले की म्हणायची, "तू होय! मला वाटलं, ती मुलगी आली."

इतका वेळ लिहायचं टाळत होते. मावशी गेली. मागच्या रविवारी, झोपेतच. सगळं आटोपलं. "दादाला कळवलंस ना?" यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

फोन केला असता तर तू धावत आला असतास, माझ्या गळ्यात पडून रडला असतास आणि मी तुला माफ केलं असतं. ते मला नको होतं.

कळावे. लोभाचं या वेळी काही लिहीत नाही.

तुझी बहीण