बटन निवडून आणणाऱ्या मामांस

शेलूबाजार,
मंगळवार

तीर्थस्वरूप मारोतरावमामा यांच्या पायांवर भाची वैजयंतीचं डोकं. (नमस्कार शुद्ध आहे, त्यात राग मिसळलेला नाही. राग खाली वेगळा लिहिला आहे.)

आमच्याकडे सगळे बरे. तुमची कंबर कशी आहे? मामीचे गुडघे काय म्हणतात? तूर शेंगांवर आली असेल, तिला दृष्ट लागू नये. विचारपूस संपली.

आता पहिली विनंती. हे पत्र मनातल्या मनात वाचा. तुम्हाला पत्र असो की वर्तमानपत्र, ओट्यावर उभं राहून मानपत्रासारखं वाचायची सवय आहे आणि शेजारी मामी तांदूळ निवडत बसलेली असते. तिच्या कानावर यातलं काही जाता कामा नये. फोनवर बोलले असते, पण तुमचा फोन म्हणजे चावडी. मी इकडे 'मामा, कोणाला सांगू नका' म्हणते आणि तिकडे स्पीकरवर सगळी गल्ली 'नाई सांगत, बोल तू' म्हणते. परवाचा सगळा घोळ त्यानंच झाला.

घोळ पहिल्यापासून सांगते, कारण तो करताना तुम्हाला तो कळलाच नव्हता. आमच्या कंपनीचं शेतीचं ॲप आहे, त्यात 'ऐका' असं एक हिरवं बटन आहे. ते मी बनवलं, आणि मामीसाठी बनवलं. ज्योत्स्नावहिनीनं सासूला आपला जुना फोन दिला तेव्हा मामी तो उलटासुलटा करून म्हणाली होती, "वैजू, यात एवढं लिवून ठेवलं, पन मले काय उपेग?" तेवढं एक वाक्य मला लागलं. बटन दाबलं की त्या दिवसाचा भाव आणि हवामान वाचून दाखवणार, आणि थांबवेपर्यंत पुन्हा पुन्हा वाचणार. आवाज माझाच. (कंपनी आवाजासाठी माणूस द्यायला तयार नव्हती.) आमचं घर हायवेला लागून, ट्रकांचे हॉर्न दिवसभर, म्हणून मी गोधड्यांच्या कपाटात डोकं घालून 'तूर', 'हरभरा', 'वधारली', 'घसरली', 'ढगाळ' असे शब्द सुटे सुटे बोलले. मशीन ते जोडतं. 'आज. तूर. घसरली.' जोडून ऐकलं की मी कोणावर तरी डाफरते आहे असं वाटतं, हे मला मान्य आहे. पण मामीला आवडतं, एवढं मला पुरे होतं.

आता आमच्या कंपनीची तऱ्हा ऐका. ॲपमागचा कोड एवढा वाढला आहे की तो पूर्ण पाहिलेला माणूस पुण्याच्या ऑफिसात एकही नाही. कोणे एके काळी दिवाळीला ठिबकच्या नळ्यांवर सूट होती. ते पान केव्हाच बंद झालं, पण ते किती जण उघडतात याची मोजणी अजून चालू आहे आणि रोज इमानदारीनं शून्य लिहिते. या वर्षी साफसफाई निघाली. जे बटन कोणी वापरत नाही ते काढायचं. आणि वापरतात की नाही हे कशावरून ठरवायचं? मोजणीवरून. ज्याची मोजणी नाही ते जगात नाही. म्हणून 'ऐका'ची मोजणी बसवायचं काम माझ्याकडे आलं. तिला हिस्टोग्राम म्हणतात. घाबरू नका. बाजार समितीत हळदीची लांब कांडी एका ढिगात आणि गोल गट्टू दुसऱ्या ढिगात पडतो ना, तसंच. कोणी बटन दाबून एका सेकंदात बंद केलं तर ते दाबणं पहिल्या ढिगात. मिनिटभर ऐकलं तर पुढच्या. अशी ढिगांची रांग, आणि तासाच्या वरचं सगळं शेवटच्या एका ढिगात. नाव नाही, गाव नाही, फक्त ढीग. कोणता ढीग मोठा ते पाहायचं आणि लोकांचं मन ओळखायचं.

लिहायला दोन ओळी. पण त्या दोन ओळी कोडात घ्यायला जी मिरवणूक लागते ती नवरदेवाला लागत नाही. मोजणीला नाव हवं, आणि ते एकदा ठेवलं की बदलायचं नाही. मालक हवा, म्हणजे बिघडली तर कोणाच्या नावानं ओरडायचं ते ठरलेलं बरं. मुदत हवी, मुदत संपली की मोजणी आपोआप मरते. (ठिबकची कशी मेली नाही हे विचारू नका, मी विचारलं होतं, सगळे चहा प्यायला गेले.) आणि एका ओळीत वर्णन हवं, असं की ज्यानं हे बटन जन्मात पाहिलं नाही त्यालाही कळावं की इथं काय मोजतो आहोत. मी लिहिलं, 'शेतकरी एका वेळी किती वेळ ऐकतो.' हे तपासायला हरीओम नावाचा एक गृहस्थ आहे. त्यानं मला विचारलं, शेतकरी म्हणजे कोण, ऐकतो म्हणजे काय. पुण्यात वातानुकूलित खोलीत बसून! मी शेलूबाजारातून त्याला शेतकरी म्हणजे काय ते लिहून पाठवलं. त्यावर त्यानं एक स्वल्पविराम बदलायला सांगितला आणि मंजुरी दिली.

मोजणी चांगली चालली होती, मामा. फार नाही, पण मधले ढीग हळूहळू भरत होते. शेवटच्या ढिगातही थोडं थोडं पडत होतं, आणि ते पाहून माझा जीव सुपाएवढा व्हायचा. कारण तुम्हीच फोनवर म्हणाला होता, "तुयं बटन तं दिवसभर चालू रायते आपल्या घरचं." तेव्हा न राहवून मी तुम्हाला सांगून बसले, की मामा, आकडे कमी पडले तर बटन जाईल हो. बस. आणि तुम्ही म्हणालात, "काहून जाईल? मी बटन पडू देत नाई. तू फिकर नोको करू."

सरपंचपदाला चारदा उभं राहून चारदा पडलेल्या माणसाला मी हे बोलायला नको होतं.

तुमच्या मेडशीच्या बाजाराच्या दिवशी तुम्ही बाबूसिंगचा भोंग्याचा ऑटो काढला. 'ऐका या निशाणीसमोरील हिरवं बटन दाबून आपल्या भाचीले परचंड बहुमतानं' वगैरे. लोकांनी फोन काढले. आपल्या लोकांना बटन दाबायचं म्हटलं की एकच पद्धत ठाऊक: दाबायचं, टुक वाजलं की बोट उचलायचं, आणि मागच्याला जागा द्यायची. माझा आवाज 'आज.' एवढं म्हणेपर्यंत लोक बंद करून बाजूला झालेले. ज्यांच्याकडे ॲप नव्हतं त्यांच्यात तुमचा फोन फिरवला. एका बाईनं म्हणे शाईसाठी बोट पुढं केलं. आणि भुरीबाईनं दुसऱ्यांदा दाबायला हात लावला तर तुम्ही तिला सगळ्यांदेखत झापलंत. ती बिचारी पूर्ण ऐकायला आली होती हो! सगळ्या बाजारात एकच खरं गिऱ्हाईक, आणि तिला तुम्ही परत पाठवलंत. वर मला फोन करून छाती फुगवून सांगता, "एकबी बोगस मतदान होऊ देल्लं नाई!"

मामा, आख्खी मेडशी पहिल्या ढिगात पडली. एका सेकंदाच्या आतला ढीग असा उंच गेला की बाकीचे त्याच्यापुढं दिसेनात.

मीटिंगमध्ये ते चित्र भिंतीवर लावलं. आमच्या साहेब उज्ज्वला मॅडम, चांगल्या बाई आहेत, त्यांनी चष्मा पुसून म्हटलं, की हे तर स्पष्टच आहे, लोकांचं बोट चुकून या बटनावर पडतं आणि आवाज आला की ते दचकून पळतात. बटन वाटेत येतं आहे, काढा. हरीओम म्हणाला, आकडे खोटं बोलत नाहीत. आकडे बोलतच नाहीत, मामा! त्यांच्या वतीनं हरीओम बोलतो! आणि मी काय सांगणार होते? की हे दचकणं नव्हे, हे माझ्या मामांचं प्रेम आहे? संताप तुमच्यावरचा, आणि गिळायचा मी.

मग मी शेवटच्या ढिगाकडे बोट दाखवलं. म्हटलं, तासतास ऐकणारी ही माणसं बघा. हरीओम म्हणाला, तो कचरा आहे, कोणीही शहाणा माणूस तुरीचा भाव तासभर ऐकत नाही, तो ढीग छाटून टाकू. कचरा! त्या ढिगात माझी मामी आहे. जिच्या हातच्या कळण्याच्या भाकरी खाऊन माझ्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या गेल्या त्या बाईला हा कचरा म्हणणार आणि मी ऐकून घेणार? मी उभी राहिले (घरून काम करते, तरी उभी राहिले) आणि म्हटलं, ती माझी मामी आहे, तिला अक्षर येत नाही, ती तांदूळ निवडते, शेंगा सोलते आणि दिवसभर तुमचं हे बटन ऐकते, कारण आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी तिला वाचून दाखवतं आहे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. शेवटी उज्ज्वला मॅडम म्हणाल्या, ठीक आहे, सोमवारी मी स्वतः मेडशीला येऊन बघते. तसं असेल तर बटन राहील. नसेल तर पुढच्याच आठवड्यात काढायचं.

तेव्हा मामा, सोमवार. हात जोडून सांगते. भोंगा नको. बाबूसिंग नको. शाल, नारळ, हार, कमान, सत्काराचं सूत्रसंचालन, काही नको. कोणाला काही दाबायला सांगू नका. मामीला आगाऊ सांगू नका, नाहीतर ती नवं लुगडं नेसून फोनपुढं हात जोडून बसेल. तिला रोज बसते तशी बसू द्या, रोज ऐकते तशी ऐकू द्या. मॅडम येतील, शांतपणे पाहतील, चहा घेऊन जातील. एवढं तुमच्या हातून होऊ शकतं असं मला वाटत नाही, तरी लिहिते आहे.

थोरांना नमस्कार, लहानांना पापा, आणि तुमच्यावरचा राग जसाच्या तसा.

तुमची भाची,
वैजयंती

ता. क. : पाकीट बंद करणार तेवढ्यात वाटलं, ज्योत्स्नावहिनीला तिच्या फोनवर विचारून ठेवावं की मामी ऐकायला बसते ती जागा कोणती, मॅडमची खुर्ची कुठं टाकायची. वहिनी आधी हसली. मग म्हणाली, "अवं ताई, सासूबाई कायच्या आयकतात? डुकरं आयकून राह्यले तुमाले!" म्हणजे फोन घरात नाहीच! फोन शेतातल्या राखणीच्या माळ्यावर बांधलेला, सोलरच्या बॅटरीला जोडलेला, त्याला बाबूसिंगचा जुना भोंगा, आणि तुरीत रानडुकरं येऊ नयेत म्हणून माझा आवाज अष्टौप्रहर चालू! मामा, हे तुम्ही मला सांगितलं नाहीत! मी त्या मीटिंगमध्ये रडले आहे! शिवाय वहिनी म्हणते की आधी गाणी लावून पाहिली, डुकरं हलली नाहीत. तुमच्या प्रचारसभेचं भाषण लावलं, तर ती म्हणे खाली बसली. आणि मी 'आज. तूर. घसरली.' म्हटलं की पार नाल्यापलीकडे. ही माझी किंमत? कपाटात घुसमटून मी शब्द बोलले ते यासाठी?

ता. क. दुसरा : मघाशी शेतातून फोन काढून घरी आणा असं लिहायला बसले होते. ते खोडलं आहे. कारण मी रागारागानं वहिनीला विचारलं, आणि मामी तेव्हा काय करत असते? ती म्हणाली, निजते. यंदा राखणीला गेलीच नाही. ते गुडघे घेऊन दर वर्षी रात्रभर बांधावर डबा बडवत फिरायची ती बाई यंदा घरी निजते. मग मामा, हरीओमला विचारा, याचा ढीग कुठला? एवढे ढीग मांडले, निवांत निजलेल्या माणसाचा एकही नाही! तेव्हा वरचं सगळं रद्द. खरी विनंती ही: सोमवारी मॅडमना घरी नेऊच नका, थेट शेतात न्या. बाबूसिंगला बोलवा, भोंग्याची वायर घट्ट करून घ्या. सूत्रसंचालन तुम्हीच करा. बटन मॅडमच्या हातानं दाबून घ्या, आणि टुक वाजल्यावर त्यांचं बोट धरून ठेवा. मोजणीच्या वर्णनाची ओळ मी बदलते आहे, 'डुक्कर किती वेळ येत नाही.' हरीओम विचारणारच, डुक्कर म्हणजे कोण. त्याचं उत्तर माझ्याकडे तयार आहे.

ता. क. तिसरा : एवढी एक ओळ मात्र ओट्यावर उभं राहून, मोठ्यानं, मामीला वाचून दाखवा:

मामी, तू नीज. मी वाचून राह्यली.