वैष्णवीची मावशी

रेल्वे कॉलनी, दौंड
१ डिसेंबर २०२४

चि. अनितास,
प्रभूमध्ये सलाम, अ. आ.

फोनवर आपलं भांडणच होतं, म्हणून लिहिते. धाकटा रुद्र कागदाचा फोटो काढून धाडील.

आज नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार. तुमच्या जर्मनीच्या चर्चचा फोटो बघितला. नर्सिंग शिकायला आलेली परदेशी पोरं तुझ्याभोवती, आन् त्यांच्यात माझी वैष्णवी तुझ्या खांद्यावर डोकं टाकून! मला फोनवर बरी हाय म्हणती आन् ठेवून देती. इथं मी एवढी वर्षं संडे स्कूल घेतलं, तवा कार्टी मागच्या दारानं पळायची. तुझ्याकडं मातूर रविवार चुकवत न्हाई. काय खायला घालतीस गं?

हे म्हणतात, मावशीपाशी सुखात हाय. मला न्हाई बघवत. नाताळाला तिला माघारी धाड. सणसवाडीला एखाद्या दवाखान्यात लागंल नोकरीला.

सगळा लोभ तुझ्याकडंच गोळा झालाय, थोडा इकडं धाडावा.

तुझी ताई,
सारिका

कासेल, जर्मनी
१० डिसेंबर

ति. ताईस,
प्रभूमध्ये सलाम वि. वि.

खरं ते सांगते. नोव्हेंबरात वैष्णवीनं बॅग भरली होती. तिच्या वॉर्डातली एक आजी गेली, आणि भाषा कच्ची म्हणून तिचं शेवटचं बोलणं हिला कळलंच नाही. तुला सांगितलं तर तू ये म्हणशील आणि आपण खरंच निघू, अशी तिला भीती. म्हणून ती फोन ठेवते.

मी काही मोठं शिकवत नाही. रविवारी संध्याकाळी पोरांच्या हॉस्टेलवर त्यांना सूप वाढते, प्रार्थना करते, त्यांचं ऐकते. परवाच्या रविवारी मला ड्यूटीवरून यायला उशीर झाला. लिन म्हणून व्हिएतनामची मुलगी शिक्षण सोडून घरी निघालेली, खोलीचं दार उघडेना. वैष्णवी दाराबाहेर फरशीवर बसली आणि मोडक्या जर्मनमध्ये त्या आजीचं सांगत राहिली. लिन बाहेर आली. मी पोचले तेव्हा आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारची मेणबत्ती लागलेली, वैष्णवी सगळ्यांना वाढत होती. मी आले हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

ताई, आनंद व्हायला हवा होता, पण आधी पोटात दुखलं. आता पोरं तिलाच शोधत येतात. मग रात्रपाळीत वाटलं, ही पोरं एकमेकांना धरून राहतील. इतक्या वर्षांत अशी आशा पहिल्यांदा वाटली.

यायचं की नाही, ते तिला ठरवू दे.

रागासकट माया असू दे.

तुझी,
अनिता

दौंड
२३ डिसेंबर

चि. अनितास,
सलाम, अ. आ.

काल वैष्णवीचा आपणहून फोन आला. त्या आजीचं सांगून लई रडली. ये म्हणायचं माझ्या अगदी जिभेवर आलं, पदर तोंडात धरला. मग विचारलं, लिन जेवती का. तवा जी बोलाय लागली ती थांबंना. यांचा चहा निवला. परीक्षा देणार म्हणाली, नाताळाला येणार न्हाई. मी बरं म्हणले.

राग गेला असं समजू नको. दर वाक्याला मावशी, मावशी चाललं होतं, कान तापले माझे. पण तिकीट काढू नको.

पोरीवर माया कर, माझ्यापेक्षा जरा कमी.

तुझी,
सारिकाताई